गाईचा ढेकर आणि हिरड्याची तुरट मात्रा

दुपारचा चारा खाऊन झाला की गाय दावणीला बसते, डोळे अर्धवट मिटते आणि सावकाश रवंथ करू लागते. जगातील सर्व चिंतांपासून मुक्त असा जीव पाहावयाचा असेल तर तो हाच, असे आपल्याला वाटते. मधूनच ती मान किंचित लांबवते आणि कोणाच्या ध्यानातही येणार नाही इतका हलका ढेकर देते. माणसाचा ढेकर म्हणजे जेवण पोचल्याची पावती. गाईच्या ढेकराला आपण आजवर तेवढीही किंमत दिली नव्हती. आता मात्र पृथ्वीच्या हवामानाची काळजी वाहणारे शास्त्रज्ञ, देशोदेशींची सरकारे आणि बड्या बड्या कंपन्या या ढेकराचा हिशेब मांडून बसल्या आहेत. किती लिटर, किती ग्रॅम, कोणत्या चाऱ्याने वाढला, कोणत्या पाल्याने घटला!

वाचकांपैकी काहींना ही थट्टा वाटेल. पण या हिशेबात आपल्या हिरड्याचे, चिंचोक्याचे, शिकेकाईचे आणि लसणाचे नाव निघाले आहे, आणि उद्या तो हिशेब मुळशी तालुक्यातल्या भरे गावच्या गोठ्यापर्यंतही येऊन पोहोचणार आहे. तेव्हा हे प्रकरण काय आहे ते एकदा नीट समजून घेतलेले बरे.

दलदलीतला वायू, गोठ्यातला वायू

१७७६ साली आलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन पंडिताने माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला आणि वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. त्या वायूला ज्योत दाखविली तेव्हा तो पेटला. पुढे विजेची बॅटरी करून जगप्रसिद्ध झालेला व्होल्टा तो हाच. त्याने धरलेल्या वायूला आज आपण मिथेन म्हणतो. मराठी वाचकाला त्याची ओळख निराळ्या नावाने आहे. गोबर गॅसच्या शेगडीवर ज्याच्या घरी चहा झाला आहे, त्याने मिथेन जळताना पाहिला आहे.

जळला तर तो उपयोगी. न जळता आकाशात गेला तर उपद्रवी. सूर्याची ऊब पृथ्वीभोवती धरून ठेवण्याच्या कामात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला वजन धरून, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे २८ पट जोरकस आहे. त्याची एक गोष्ट मात्र चांगली. तो हवेत फार काळ टिकत नाही. साधारण १२ वर्षांत त्याचे विघटन होते. म्हणजे आज मिथेन कमी केला तर त्याचे फळ आपल्या डोळ्यांदेखत पदरात पडेल. त्यासाठी नातवंडांची वाट पाहावी लागणार नाही. शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले आहेत ते यासाठी.

मनुष्याच्या उद्योगांमुळे जेवढा मिथेन हवेत जातो, त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग पाळीव जनावरांकडून येतो. भाताच्या खाचरातल्या चिखलातूनही तो निघतो. मुळशीसारख्या भाताच्या मुलखात हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आणि आपला देश तर गुराढोरांचा. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटी २५ लाखांच्या आसपास गाई-बैल, जवळजवळ ११ कोटी म्हशी-रेडे, १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. इतकी तोंडे रवंथ करीत असतील तर ढेकरांचा हिशेब लहान कसा असेल?

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. हा वायू शेणातून किंवा मागच्या बाजूने निघतो असे पुष्कळांना वाटते आणि त्यावरून विनोदही होतात. वास्तविक पोटातल्या मिथेनपैकी शंभरातले नव्वदाहून अधिक भाग तोंडावाटे, ढेकरातून बाहेर पडतात. साठवलेल्या शेणातून निघणारा मिथेन हा वेगळा, आणि आपल्याकडे त्यामानाने थोडा.

पोटातला कारखाना

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा तो कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या घरात ऐवज मावतो. या कोठीत हवा नाही, उजेड नाही, ऊब मात्र भरपूर आहे. तेथे जीवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ यांची एवढी दाटी असते की एका थेंबात जगातल्या माणसांच्या तोडीची लोकसंख्या भरावी. गाईला स्वतःला गवताची काडी पचविता येत नाही. ती पचवितात ही मंडळी. गाय त्यांना घर देते, चारा देते; ती तिला काडीची ताकद करून देतात. माणसाला जे पचत नाही ते खाऊन गाय माणसाला दूध देते, ही तिची थोरवी या मंडळींच्या जोरावर आहे.

आता या कारखान्यातला धूर पाहा. चारा आंबला की त्यातून काही आम्ले तयार होतात. ती रक्तात जातात आणि गाईचे पोषण करतात. त्याचबरोबर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू सुटतात. हायड्रोजन साचून राहिला तर सगळी आंबवणच मंदावेल. म्हणून निसर्गाने तेथे आर्किया नावाचे अतिप्राचीन सूक्ष्मजीव नेमले आहेत. ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची सांगड घालून मिथेन करतात आणि त्यावर स्वतः जगतात. प्रोटोझोआ हायड्रोजन पुष्कळ सोडतात, म्हणून यातले काही आर्किया त्यांच्याच अंगाला चिकटून राहतात. दुकानाशेजारी दुकान थाटावे तसा हा प्रकार.

चारा जितका राठ आणि काडीचा, तितका हायड्रोजन अधिक आणि मिथेनही अधिक. दाणा, पेंड, कोवळा हिरवा चारा असला म्हणजे दुसऱ्या प्रकारचे आम्ल जास्त होते. ते स्वतःच हायड्रोजन वापरून टाकते आणि मिथेनला कच्चा माल कमी पडतो. ही एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे समजेल.

यात शेतकऱ्याचे काय जाते? पुष्कळ जाते. मिथेन म्हणजे इंधन, आणि ते इंधन चाऱ्यातूनच आलेले. गाय जेवढी ऊर्जा खाते तिच्यातला शेकडा २ पासून १२ पर्यंत हिस्सा मिथेन होऊन हवेत निघून जातो, असे मोजमाप आहे. चाऱ्याचे दहा भारे आणावेत आणि त्यातला निदान अर्धा भारा वाऱ्यावर उडवून द्यावा, तसे हे आहे.

झाडांचे तुरट शस्त्र

झाडाला पाय नसतात. जनावर पाला ओरबाडू लागले तर त्याला पळता येत नाही. म्हणून झाडांनी कडू, तुरट, उग्र अशा द्रव्यांची शस्त्रे तयार केली. हिरड्याचा आणि बाभळीच्या सालीचा तुरटपणा टॅनिनांमुळे. रिठ्याचा आणि शिकेकाईचा फेस सॅपोनिनांमुळे. लसणाचा दर्प गंधकाच्या संयुगांमुळे, तर लवंग, ओवा, दालचिनी यांचा वास सुगंधी तेलांमुळे.

टॅनिन शब्दाचे मूळच कातडी कमावण्यात आहे. कातडी कमावणारे कारागीर बाभळीची साल आणि हिरडा पिढ्यान् पिढ्या वापरीत आले. कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन घट्ट बांधून टाकते, म्हणून कातडे कुजत नाही. इंग्रजी अमदानीत हिरडा मुंबई बंदरातून परदेशी जात असे तो याच कामासाठी. तीच बांधून टाकण्याची शक्ती कोठीपोटात पोहोचली की काय होते? थोड्या प्रमाणात ती प्रोटोझोआंना आणि मिथेन करणाऱ्या आर्कियांना आवरते. शिवाय पेंडीतल्या प्रथिनांचा काही भाग कोठीपोटात फुकट कुजू न देता पुढच्या कप्प्यात सुखरूप पोहोचविते. प्रमाण वाढले की मात्र तीच शक्ती चाऱ्याचे पचन बांधून टाकते, गाय चारा सोडते आणि दूध आटते. औषध आणि विष यांत मात्रेचाच फरक, हे आपले वैद्य सांगत आले तेच येथेही खरे.

सॅपोनिनांची तऱ्हा निराळी. साबणासारखी ती प्रोटोझोआंच्या आवरणाला भोक पाडतात. पण कोठीपोटातले जीवाणू हळूहळू त्यांना सरावतात आणि तीच खाऊन फस्त करू लागतात. मग पहिल्या काही आठवड्यांचा गुण पुढे टिकत नाही. लसणाच्या अर्काने प्रयोगशाळेत चांगले काम केले आहे. पण त्याचा दर्प दुधात उतरला तर रतीब घेणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी किटली परत पाठवील, याचाही विचार करावा लागतो. तेव्हा झाडात द्रव्य सापडले म्हणजे काम झाले असे नव्हे. ते टिकले पाहिजे, परवडले पाहिजे आणि दुधाला लागता कामा नये.

त्रिफळ्याची परीक्षा

या विषयात आपल्या देशातील शास्त्रज्ञ मागे नाहीत. बरेलीजवळ इज्जतनगर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. तिचा जन्म पुण्यातला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८८९ साली ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ या नावाने ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. या संस्थेत डॉ. पात्रा, डॉ. कामरा आणि डॉ. अग्रवाल यांनी काही वनस्पतींचे अर्क काढून ते म्हशीच्या कोठीपोटातील रसात मिसळून पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातल्या वनस्पतींची यादी वाचली की आपण आजीबाईच्या बटव्यात तर डोकावत नाही ना, असे वाटते: हिरडा, बेहडा, आवळा, शिकेकाई आणि निंबोळी. त्रिफळ्यातली तीनही फळे परीक्षेला बसली होती! त्यांत हिरड्याच्या अर्काने काचेच्या नळीत मिथेनला फार मोठ्या प्रमाणात अडविले. पुढे हिरडा आणि लसूण मेंढ्यांना थोड्या प्रमाणात चारून पाहिले, तेव्हाही पचलेल्या चाऱ्याच्या मानाने मिथेन घटलेला आढळला.

काचेची नळी आणि जिवंत जनावर यांत अंतर असते. नळीत मिथेन जवळजवळ बंद पाडणारे द्रव्य पोटात गेल्यावर पाचवा हिस्सा कमी करील तरी पुष्कळ झाले. म्हणूनच मोजमाप महत्त्वाचे. जनावराला बंद खोलीत ठेवून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासणे हा एक मार्ग. दुसरा असा: एका निरुपद्रवी खुणेच्या वायूची लहानशी नळकांडी कोठीपोटात ठेवतात आणि गाईच्या गळ्यात हवा गोळा करणारे भांडे बांधतात. खुणेचा वायू किती सुटतो हे आधीच माहीत असते. त्याच्या प्रमाणावरून मिथेन किती ते काढता येते. गाय मोकळी चरत राहते आणि तिच्या ढेकराची नोंद तिच्या गळ्यात जमा होते.

बंगळूरची हरित धारा

बंगळूरला भारतीय कृषी संशोधन परिषदेची पशुपोषणाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे डॉ. राघवेंद्र भट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅनिन असलेल्या वनस्पतींवर अनेक वर्षे काम केले. त्यातून दोन पूरक खाद्ये तयार झाली. एकाचे नाव ‘टॅमरिन प्लस’. नावावरूनच कळावे की त्यात चिंचेचा संबंध आहे. दुसरे ‘हरित धारा’, जे २०२१ साली लोकांसमोर आले. देशात मुबलक मिळणाऱ्या टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ते केलेले आहे. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे दुभती गाय किंवा म्हैस दिवसाला सुमारे २०० लिटर मिथेन सोडते, वाढती कालवड ८५ ते ९५ लिटर आणि मोठी मेंढी २० ते २५ लिटर. हरित धारेने त्यात १७ ते २० टक्के घट होते. मोठ्या जनावराला दिवसाला अर्धा किलो, आणि त्या वेळी सांगितलेली किंमत किलोला सुमारे सहा रुपये. तीन महिन्यांच्या आतील वासराला ते द्यावयाचे नाही, कारण त्याचे कोठीपोट अजून कामाला लागलेले नसते.

चिंचेचा उपयोग येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. चिंचोक्याच्या आतल्या पांढऱ्या गराचे पीठ कापडगिरण्यांत सुताला खळ देण्यासाठी वापरतात. वरचे तांबडे टरफल उरते. टॅनिन असते ते या टरफलात. म्हणजे एका धंद्याचा कचरा दुसऱ्या धंद्याचे औषध होतो. हिरड्याचे तसे नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. औषधांसाठी त्याला आधीच मागणी आहे. उद्या कोट्यवधी गुरांच्या खाद्यासाठी हिरडा हवा झाला तर झाडे ओरबाडली जातील. तेव्हा हिरड्याने रस्ता दाखविला हे खरे, पण त्या रस्त्याने चालावयाचे ते चिंचोक्याच्या टरफलासारख्या टाकाऊ मालाच्या आधाराने. आंब्याच्या कोयीतही टॅनिन आहे, आणि रसाच्या कारखान्यांबाहेर कोयींचे ढीग पडतात हे कोणीही पाहू शकतो.

समुद्रापारची झेप

इतर देशांनी याहून मोठ्या उड्या मारल्या आहेत. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर एका शेतकऱ्याच्या ध्यानात आले की वादळाने किनाऱ्यावर आलेले समुद्रशेवाळ खाणाऱ्या त्याच्या गाई इतरांपेक्षा सुदृढ आहेत. रॉब किन्ली या संशोधकाने ते शेवाळ तपासले तेव्हा मिथेनही घटत असल्याचे दिसले. तो पुढे ऑस्ट्रेलियात गेला, आणि तेथे ‘अस्परॅगॉप्सिस’ नावाचे तांबडे शेवाळ या कामात सर्वांवर ताण करते असे आढळले. २०२१ साली कॅलिफोर्नियातील प्रयोगात मांसासाठी पाळलेल्या गोऱ्ह्यांचा मिथेन या शेवाळाने ८० टक्क्यांहून अधिक घटला. हा आकडा ऐकून डोळे दिपतात. पण त्यातले गुणकारी द्रव्य ब्रोमोफॉर्म. ते दुधात उतरते काय, दीर्घकाळ दिल्यास जनावराला बाधते काय, याविषयी सावध राहावे लागते. शिवाय ते शेवाळ समुद्रात मुद्दाम पिकवावे लागणार. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. स्वित्झर्लंडमध्ये लसूण व लिंबूवर्गीय फळांच्या अर्काचे, तसेच धणे व लवंगेतील तेलांचे मिश्रण करून विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्यांचा गुण माफक, पण त्यांच्या पुड्यांवर आपल्या मसाल्याच्या डब्यातली नावे वाचून मौज वाटते.

उरुळीकांचनचा धडा

झाडाचा पाला गाईच्या पोटात काय उलथापालथ करतो याचा एक जुना धडा पुणे जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या पूर्वेला उरुळीकांचन. १९४६ साली गांधीजींबरोबर तेथे आलेले मणिभाई देसाई तेथेच राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संकरित गाईंचा प्रसार हे तिचे मोठे काम. पण गाय आली की चारा हवा. म्हणून १९७० नंतरच्या काळात या संस्थेने सुबाभूळ या झपाट्याने वाढणाऱ्या, प्रथिनांनी भरलेल्या झाडाचा हिरिरीने प्रसार केला. बांधावर, पडीक माळावर सुबाभूळ उभी राहिली.

सुबाभळीत मिमोसीन नावाचे द्रव्य असते. नुसत्या सुबाभळीवर जनावर ठेवले तर त्याचे केस गळतात, गळ्यातली ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियातील रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला दिसले की हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत आहेत. त्यांच्या कोठीपोटातला रस त्याने १९८० नंतरच्या वर्षांत ऑस्ट्रेलियात नेऊन तेथल्या गुरांना दिला आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. ही किमया करणाऱ्या जीवाणूला १९९२ साली जोन्सचेच नाव देण्यात आले. आणि आता असे दिसते की सुबाभूळ चरणाऱ्या गुरांचा मिथेनही कमी असतो, कारण तिच्या पाल्यात टॅनिनही आहे. ज्यांनी बांधावर ती लावली त्यांच्या मनात आकाशाचा विचारही नव्हता. त्यांना दूध हवे होते.

या कहाणीत दोन गोष्टी दडल्या आहेत. पोटातली ही वस्ती बदलते, सरावते. तेव्हा आजचा गुण उद्या तसाच राहील असे गृहीत धरू नये. आणि दुसरी, शेतकऱ्याने जे झाड स्वीकारले ते दुधासाठी स्वीकारले.

भरे गावच्या दावणीत

आता आपल्या मुलखात येऊ. पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुट ओलांडले की घोटावडे फाट्याशी भरे गाव लागते. हा मावळी भाग, पावसाचा आणि भाताचा. वरच्या डोंगरांत गवळी धनगरांनी म्हशी राखल्या, खाली खाचरात कुणब्यांनी भात लावला. भात झोडला की पेंढा रचायचा आणि तोच वर्षभर गुरांपुढे टाकायचा, ही या भागाची रीत. अलीकडे पिरंगुटच्या आसपास कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला, माळरानावर प्लॉटच्या खुणांचे दगड उभे राहिले. चराईची जागा आखडली. म्हणजे दावणीची गाय पेंढ्यावर पूर्वीपेक्षा अधिक अवलंबून.

अशा एखाद्या गोठ्यातली गाय डोळ्यांपुढे आणा. तिच्या गव्हाणीत भाताचा पेंढा आहे, सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी ओंजळ-दोन ओंजळी आंबोण आहे. भाताचा पेंढा हा चाऱ्यांतला गरीब चारा. त्यात प्रथिने शेकडा चारही नसतात. काडी राठ, म्हणून मिथेन अधिक. दूध थोडे, म्हणून दर लिटर दुधामागे तर मिथेन फारच अधिक. या गाईला कोणी उत्साहाच्या भरात हिरड्याची पूड चारली तर? आधीच अपुरी असलेली प्रथिने टॅनिन बांधून टाकील. जीवाणूंना नत्र मिळणार नाही, काडी पचणार नाही, गाय खंगेल. ढेकर कमी होईल खरा, पण तो उपाशी पोटाचा!

बंगळूरच्या प्रयोगातले गुण भऱ्याच्या दावणीत मिळवावयाचे असतील तर क्रम चुकवून चालणार नाही. आधी पोटाची भर, मग तुरट मात्रा. पेंड, खनिज मिश्रण, बांधावरचे हत्तीगवत, शेवरी किंवा सुबाभळीचा थोडा पाला, कुट्टी करून दिलेला पेंढा एवढे झाले की मिथेन एरवीही दर लिटरमागे उतरतो. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने २०११-१२ पासून काही वर्षे गावोगाव समतोल आहाराचा कार्यक्रम राबविला. गावातल्याच प्रशिक्षित माणसाने गाईचे वजन, दूध आणि घरात असलेला चारा पाहून काय किती घालावे हे सांगावयाचे. त्यात दूध वाढले, खर्च घटला आणि मिथेनही कमी झाला. कोणतेही नवे द्रव्य न घालता हे साधले. त्यावर टॅनिनाची योग्य मात्रा चढविली तर ती सोन्याला सुगंध. वाचकांतील पशुपालकांना विनंती ही की घरच्या घरी हिरडा कुटून प्रयोग करू नये. मात्रा तपासलेले खाद्यच पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावे.

तीन रुपयांचा प्रश्न

अर्धा किलो हरित धारा म्हणजे मूळच्या भावाने दिवसाला तीन रुपये. वर्षाचे सुमारे अकराशे. हा खर्च कोणी करावयाचा?

हिशेब मांडून पाहू. दिवसाच्या २०० लिटरमधील पाचवा हिस्सा वाचला तर ४० लिटर. त्यात सुमारे पावणेचारशे किलोकॅलरी उष्णता असते. साधारण अर्धा लिटर दुधात असते तेवढी. वाचलेली सारीच उष्णता दुधात उतरत नाही. पण पाव लिटर जरी उतरले आणि दुधाला तीस रुपये भाव धरला तरी साडेसात रुपये झाले. तीन रुपये वजा जाता साडेचार हाती राहतात. हे गणित कागदावरचे आहे. धारेच्या किटलीत ते उतरते की नाही हे गोठ्यागोठ्यात मोजावे लागेल.

आता आकाशाचा हिशेब. ४० लिटर मिथेन म्हणजे जेमतेम २९ ग्रॅम. वर्षभर असेच धरले तर दहा किलोंच्या थोडे वर, आणि २८ पटीने सुमारे तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड. डेन्मार्कने २०२४ साली ठरविले की २०३० पासून गुरांच्या वायूवर टनाला ३०० क्रोनर कर घ्यावयाचा; त्यात शेतकऱ्याला ६० टक्के सूट. सूट न धरता त्या भावाने आपल्या गाईने वाचविलेल्या वायूची किंमत काढली तर ती अकराशे रुपयांच्या आसपास येते. म्हणजे खाद्याच्या खर्चाशी जवळजवळ बरोबरी! श्रीमंत डेन्मार्कच्या दराने जे जेमतेम फिटते, ते भऱ्याच्या शेतकऱ्याने पदरचे घालून करावे असे म्हणणे कोणत्या न्यायात बसते? न्यूझीलंडसारख्या दूध विकून मोठ्या झालेल्या देशानेही गुरांवरच्या अशा आकाराचा बेत २०२२ मध्ये मांडून २०२४ मध्ये सोडून दिला. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के घटविण्याची प्रतिज्ञा पुष्कळ राष्ट्रांनी घेतली. भारताने तीवर सही केली नाही. एक-दोन गाईंवर चूल चालविणाऱ्या कोट्यवधी घरांचा विचार करता त्यात नवल नाही.

परंतु सही केली नाही म्हणून हात बांधून बसावे असेही नाही. वाऱ्यावर उडणारा अर्धा भारा आपलाच आहे. तो परत मिळविण्याचा मार्ग सहकारी डेअरीतून जातो. दूध संघ आपल्या सभासदांना पशुखाद्य पुरवितात. त्याच पोत्यात तपासलेल्या मात्रेचे टॅनिन मिसळून दिले तर शेतकऱ्याला वेगळा विचार करावा लागणार नाही. सुरुवात मात्र शंभर-दोनशे गाईंपासून व्हावी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळी मोजणी व्हावी, दूध आणि फॅट रोज वहीत उतरावे. दूध वाढले तर खर्च शेतकऱ्याने उचलावा. दूध तेवढेच राहून मिथेन घटला तर तीन रुपये ज्यांच्या आकाशाचे भले झाले त्यांनी द्यावेत, आणि ते त्याच्या डेअरीच्या चिठ्ठीवर दुधाच्या रकमेखाली दिसावेत. कार्बनच्या बाजाराच्या गोष्टी आज पुष्कळ ऐकू येतात. त्या बाजाराची खरी कसोटी त्या चिठ्ठीवर लागेल.

गाईला दोष देणे सोपे आहे. हजारो वर्षे तिने काडी खाल्ली आणि दूध दिले. तिचा ढेकर धोक्याचा ठरला तो कारखान्यांनी आणि मोटारींनी आकाशाचे माप आधीच भरून ठेवल्यावर. तरीही घर सावरताना शेवटचे मडकेही मोकळे करून पाहावे लागते, आणि हे मडके मोकळे करण्याची युक्ती आपल्या परसातल्या चिंचेखाली पडली आहे. ती उचलताना एक पथ्य पाळावे. गाईच्या गव्हाणीत तुरट मात्रा पडण्याआधी हिरवी पेंडी पडली पाहिजे, आणि आकाशाचे देणे शेतकऱ्याच्या नावावर मांडण्याआधी त्याच्या किटलीतले दूध वाढले पाहिजे.